शीर्षकातलं प्लॅस्टिक, केशोरीतलं प्लॅस्टिक

संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हल्ली एक कल्पना वारंवार ऐकू येते. प्लॅस्टिकचा कचरा घ्यायचा, त्याच्यावर रासायनिक प्रक्रिया करायची आणि जे हाती लागेल ते सिमेंटमध्ये घालायचं. कचरा कमी, सिमेंट कमी, प्रदूषणही कमी. ऐकायला इतकं गोड की नाही म्हणायला जीव होत नाही. गाइडलाही होत नाही. म्हणूनच या विषयावरचं काही काम आज जरा खवटपणे वाचू या. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करत असतील, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची. पुढे दुसरं एक पेट येणार आहे, बाटलीचं. पहिलं पास करायचं असतं आणि दुसरं विरघळवायचं, एवढं ध्यानात असलं की गोंधळ होणार नाही.

माझी वाचायची पद्धत साधी आहे. पेपरच्या प्रस्तावनेत कचऱ्याचे डोंगर आणि प्लॅस्टिक गिळलेली कासवं आली, की मी एक खरंखुरं गाव डोळ्यांसमोर ठेवते आणि पेपर संपेपर्यंत ते हलू देत नाही. आज केशोरी घेऊ. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या हद्दीकडचं गाव. धानाचा मुलूख, इटियाडोह धरण याच तालुक्यातलं. अशा गावात पोतं घेऊन फिरलात, पानठेल्याच्या मागून, किराणा दुकानासमोरून, नालीतून प्लॅस्टिक उचललंत, तर पोत्यात काय काय येईल? पहिल्यांदा खर्ऱ्याच्या पन्न्या. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात आणि त्याच पन्नीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. मग चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, फाटकी ताडपत्री, पाइपचे तुकडे, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, तुटक्या चपला. पाण्याच्या बाटल्या असतील, पण बाटलीला कबाड्याकडे भाव असतो. ती पोत्यात यायच्या आधीच कुणीतरी उचललेली असण्याचीच शक्यता जास्त. पन्नीला भाव नाही, म्हणून ती नालीत.

हे पोतं बाजूला ठेवा. आता पेपर उघडू.

‘प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा रासायनिक पुनर्वापर’ अशा शीर्षकाखालचे दहा पेपर काढा आणि थेट ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात जा. सिमेंटमध्ये घालायचं रसायन बनवणाऱ्या बहुतेक कामांत तुम्हाला एकच प्लॅस्टिक भेटेल: पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजेच पेट. स्वच्छ धुतलेल्या, झाकण आणि लेबल काढलेल्या बाटल्यांचे तुकडे. असं का, याचं कारण रसायनशास्त्रात आहे आणि ते अगदी रास्त आहे. पेटच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतरावर एस्टरचे बंध असतात. एस्टर म्हणजे साखळीतली जणू वेलदोड्याची शिवण. पाणी, ग्लायकॉल किंवा अमाइन योग्य तापमानाला दिलं की नेमकी तिथेच उसवते आणि आपल्याला ओळखीचे, मोजता येणारे छोटे रेणू मिळतात. खर्ऱ्याची पन्नी किंवा दुधाची पिशवी पॉलिइथिलीनची. तिच्यात टोकापासून टोकापर्यंत कार्बनला कार्बन जोडलेला; उसवायला शिवणच नाही. अमाइनमध्ये दिवसभर उकळलीत तरी पन्नी ती पन्नीच. तिला तोडायचं तर कित्येकशे अंशांवर हवेशिवाय तापवावं लागतं, आणि मिळतं ते तेल, मेण आणि वायूंचं कडबोळं.

तेव्हा शीर्षकातला ‘प्लॅस्टिक’ हा शब्द आणि चंबूतला पदार्थ यांच्यात एक उडी आहे. प्रस्तावनेत केशोरीचं पोतं, प्रयोगात बाटलीचे पांढरे तुकडे आणि निष्कर्षात पुन्हा पोतं. माझी या साहित्याबद्दलची मुख्य तक्रार हीच. प्रयोग खोटे नसतात. पण ज्या कचऱ्याच्या नावाने प्रकल्पाला निधी मागितला जातो, त्या कचऱ्याला प्रयोगशाळेत बोलावलंच जात नाही.

याला चांगला अपवाद आपल्या घरचाच आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (जुन्या लोकांची यूडीसीटी, त्या काळात मुंबई विद्यापीठाची संस्था म्हणून ओळखली जायची) एस. आर. शुक्ला आणि अजय हरड यांनी २००६ मध्ये पेटच्या कचऱ्याच्या अमिनोलिसिसवर एक पेपर लिहिला. पेटचा कचरा भरपूर इथेनॉलअमाइनमध्ये उकळला, उत्प्रेरक म्हणून अ‍ॅसेटिक आम्ल, सोडियम अ‍ॅसिटेट, पोटॅशियम सल्फेट अशी स्वस्त आणि कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणारी रसायनं वापरली, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास उताऱ्याने एक पांढरा स्फटिकी पदार्थ मिळवला. त्याचं नाव लांबलचक आहे. सगळे त्याला बीएचईटीए म्हणतात. तुम्हाला पेपर कसा लिहावा हे शिकायचं असेल तर हा वाचा. कचरा कोणता ते शीर्षकातच लिहिलंय. उत्पादनाचा पुढे काय उपयोग होईल याबद्दलचं बोलणं मोजकं आहे. सिमेंटचं नावही काढलेलं नाही. दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल आणि मध्ये अमाइड असलेला हा रेणू आहे, त्यापासून पुढे काही करता येईल, एवढंच. सिमेंट, काँक्रीट, रेझिन हे सगळं नंतरच्या लोकांनी जोडलं.

जोडायला हरकत नाही. पण जोडताना एक हिशेब करावा लागतो आणि तो फार कमी पेपरांत सापडतो. कागद-पेन्सिल घ्या, बारावीच्या रसायनशास्त्रात भागतंय. पेटच्या साखळीतल्या एका कडीचं रेणूभारमान १९२. ती कडी सोडवायला इथेनॉलअमाइनचे दोन रेणू लागतात, ६१ प्रमाणे १२२. झाले ३१४. त्यातून २५२ भाराचा बीएचईटीए मिळतो आणि ६२ भाराचं इथिलीन ग्लायकॉल बाहेर पडतं. आता बीएचईटीएच्या त्या २५२ मध्ये प्लॅस्टिकमधून आलेला भाग किती? मधलं वलय आणि त्याच्या दोन बाजू मिळून १३२. उरलेले १२० इथेनॉलअमाइनचे. म्हणजे ‘प्लॅस्टिकपासून बनवलेल्या’ या पदार्थाचं जवळपास निम्मं वजन कारखान्यातून विकत आणलेल्या नव्याकोऱ्या रसायनाचं आहे. इथेनॉलअमाइन इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून बनतं. दोन्हींच्या मुळाशी तेल किंवा नैसर्गिक वायू. शिवाय ‘भरपूर’ इथेनॉलअमाइनमध्ये उकळलं म्हणजे जास्तीचं परत मिळवायला ऊर्ध्वपातन आलं, आणि त्याचा उत्कलनबिंदू १७० अंशांच्या आसपास आहे. तो खर्च कुठे लिहिलाय ते शोधा. बऱ्याचदा सापडत नाही.

पुढचा हिशेब मात्र या कल्पनेच्या बाजूने जातो, तोही मांडायला हवा. सिमेंटमध्ये घालायची अशी रसायनं वजनाच्या एखाद-अर्ध्या टक्क्यातच घालतात. अर्धा टक्का धरा. ५० किलोच्या पोत्यामागे २५० ग्रॅम बीएचईटीए, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम पेट, म्हणजे एक लिटरच्या आठ-नऊ बाटल्या. एका छोट्या घराला तीनशे पोती लागली असं मानलं, तर ५७ किलो पेट. हे काही थोडं नाही. पण याच बाटल्यांना कबाडी आज पैसे देतो आणि त्यांचा पॉलिएस्टरचा धागा होतो. तुम्ही त्यांना नालीतून वाचवत नाही आहात. कापड गिरणीच्या वाटेवरून वळवून आणताय. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य असायला हवं. नसेल तर परीक्षक विचारतील, आणि त्यांनी विचारावंच.

आता या विषयात माझ्या मते सगळ्यात रोचक असलेल्या अडचणीकडे येते.

समजा तुम्ही बीएचईटीए बनवलं, वाळवलं आणि सिमेंटमध्ये घातलं. ठोकळ्याची ताकद वाढली. कशामुळे? तुम्ही म्हणाल, बीएचईटीएमुळे. थांबा. सिमेंटचे कारखाने क्लिंकर दळताना गिरणीत थोडंसं रसायन टाकतात, दळण मोकळं व्हावं, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. ही रसायनं कोणती? बहुतांशी ग्लायकॉलं आणि अमाइनं. ट्रायइथेनॉलअमाइन हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, आपल्या इथेनॉलअमाइनचं सख्खं भावंड. ते फार थोड्या प्रमाणातही सिमेंटच्या घट्ट होण्यावर परिणाम करतं. आणि तुमच्या नीट न धुतलेल्या उत्पादनात उरलंय काय? इथेनॉलअमाइन आणि इथिलीन ग्लायकॉल! तेव्हा जो काही चमत्कार दिसला तो प्लॅस्टिकमधून आलेल्या रेणूचा, की धुण्यात राहिलेल्या द्रवाचा, हे तुम्हाला ठाऊक नाही.

यावर उपाय एकच, कंट्रोल वाढवणे. बहुतेक कामांत एकच कंट्रोल असतो, काहीही न घातलेलं सिमेंट. तो हवाच. पण एक ठोकळा फक्त इथेनॉलअमाइन घातलेला हवा, एक फक्त ग्लायकॉल घातलेला, आणि एक शुद्ध रसायनांपासून बनवलेल्या, प्लॅस्टिकशी काडीचाही संबंध नसलेल्या बीएचईटीएचा. चारही ठोकळ्यांच्या शेजारी तुमचा कचऱ्यापासूनचा ठोकळा ठेवा. तो शुद्ध बीएचईटीएच्या ठोकळ्यासारखा वागला आणि बाकीच्यांपेक्षा वेगळा, तरच बोला. काम चौपट होतं, मान्य. पण हे काम ज्याने आधी केलं त्याला नंतरचे सगळे जण विचारायला येतील.

‘परिणाम दिसला’ एवढ्यावर तर अजिबात हुरळू नका. सिमेंट अतिशय लाजाळू असतं. कुठल्याही सेंद्रिय रेणूने बिचकतं. साखर घ्या. चहात घालतो तीच. सिमेंटच्या वजनाच्या हजारातल्या एखाद्या भागाइतकी साखर पाण्यात गेली की घट्ट होणं तासन् तास लांबतं. मिक्सरचा ट्रक वाटेत बंद पडला तर आतलं काँक्रीट दगड होऊ नये म्हणून साखर ओततात, हे साइटवरच्या कुणालाही विचारा. हायड्रॉक्सिल असलेला रेणू घातला आणि सिमेंट उशिरा घट्ट झालं, याला शोध म्हणत नाहीत. बुडबुड्यांचंही तेच. रसायनाने मिश्रणात हवा धरली तर ताकद उतरते. एक टक्का जास्त हवेला साधारण पाच टक्के ताकद, हा ढोबळ नियम इंजिनिअरिंगची मुलं पाठच करतात. हवेचं प्रमाण न मोजता ताकदीचे आकडे दिले असतील तर त्या आकड्यांचा अर्थ अर्धवटच लागतो.

आकड्यांवरून आठवलं. आपल्याकडचं काँक्रीटचं मूळ मानक आयएस ४५६. त्यात एका नमुन्याचे तीन ठोकळे फोडून सरासरी घ्यायला सांगितली आहे, आणि एकेक ठोकळा त्या सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे गेला तरी चालतो. ही सूट यासाठी की खडी, वाळू, ठासणं, पाणी मारणं यांनी तेवढा फरक पडतोच. आता एखाद्या पेपरात तीन ठोकळ्यांवरून ‘ताकद ८ टक्क्यांनी वाढली’ असं लिहिलेलं दिसलं, तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हणते, ठोकळ्यांची संख्या आणि प्रत्येकाचा आकडा दाखवा, मग बोलू. सरासरीवर उभी काडी नसलेला स्तंभालेख मी या विषयात इतका पाहिलाय की आता ती काडी दिसली तरी बरं वाटतं.

बाहेरच्या देशातलं एक गाजलेलं काम इथे तपासून पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अणुअभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या वर्गप्रकल्पातून एक कल्पना निघाली आणि २०१८ मध्ये ‘वेस्ट मॅनेजमेंट’ या नियतकालिकात पेपर झाला. कॅरोलिन शेफर पहिल्या लेखिका, सोबत मायकेल ऑर्टेगा, कुणाल कुपवाडे-पाटील (आडनाव वाचून थबकलात ना? मीही थबकले होते), मायकेल शॉर्ट आणि इतर. पेटचे तुकडे गॅमा किरणांखाली ठेवायचे, मग बारीक दळून सिमेंटच्या मिश्रणात घालायचे. इथे रसायन ओतलेलं नाही, पण किरणांनी प्लॅस्टिकच्या साखळ्यांची जोडणी बदलते, म्हणून आपल्या विषयाचा हा चुलत भाऊच.

२०१७ च्या शेवटी याची बातमी जगभर गेली: पाण्याच्या बाटल्या घालून नेहमीपेक्षा मजबूत काँक्रीट! आता पेपरचा सारांश वाचा. तिथे तुलना कशाशी आहे? किरण न दिलेलं प्लॅस्टिक घातलेल्या नमुन्याशी. साधं प्लॅस्टिक घातलं की ताकद घटते, आणि जास्त मात्रेचे किरण दिलेलं प्लॅस्टिक घातलं तर त्या गेलेल्या ताकदीपैकी काही परत मिळते, असा त्यांचा सावध दावा आहे. ‘गेलेलं काही परत मिळालं’ आणि ‘नेहमीपेक्षा मजबूत झालं’ ही दोन वाक्यं एकाच प्रयोगातून निघतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. संशोधकांनी लिहिलेलं वाक्य पहिलं होतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये यातलं कोणतं वाक्य उतरवलंय, ते आत्ताच उघडून पाहा.

त्यांची मात्रा होती १०० किलोग्रे. बातम्यांत ती किरकोळ वाटते. आपल्याकडे लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ आहे; तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून साधारण ०.०९ किलोग्रेपर्यंतची मात्रा पुरते. तुर्भ्याच्या आयसोमेडमध्ये इंजेक्शनं आणि शस्त्रक्रियेचं सामान निर्जंतुक करायला २५ किलोग्रे पुरतात. म्हणजे सिमेंटमधल्या बाटलीला कांद्याच्या हजारपटीहून जास्त आणि सिरिंजच्या चौपट मात्रा. प्लॅस्टिक किरणोत्सारी होत नाही, ती भीती बाळगू नका. पण कोबाल्टच्या स्रोताखाली जागा आणि वेळ यांना किंमत असते. रुग्णालयाच्या सामानाच्या रांगेत आपल्या बाटलीच्या चुऱ्याला कोण उभं करेल? आणि इतकं करून काँक्रीटमधला सुमारे दीड टक्का भाग बदलला जातो. तरी मला हे काम आवडतं. त्यांनी ठोकळा नुसता फोडला नाही. क्ष-किरणांनी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आत डोकावून ताकद का बदलली याचं उत्तर शोधलं. असा प्रयत्न या विषयात दुर्मीळ आहे.

एक चकवा जाता जाता सांगते. याच विषयाच्या वाचनात तुम्हाला ‘पॉलिमर काँक्रीट’ भेटेल. १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात रेबाइझ आणि फाउलर यांनी पेटपासून पॉलिएस्टर रेझिन बनवून त्यात वाळू-खडी बांधली. काही तासांत कडक होतं, ताकदही भरपूर. पण त्यात सिमेंट नसतंच! रेझिन हाच गोंद. त्याची ताकद सिमेंटच्या काँक्रीटशेजारी एकाच तक्त्यात मांडणं म्हणजे आंबील आणि आंब्याची तुलना. उन्हात तापलं की असं काँक्रीट मऊ पडायला लागतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावरचा स्लॅब किती तापतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

काळाचाही प्रश्न आहे. काँक्रीटच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांमधलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, सामू साडेबाराच्या वर. पेटमधला एस्टरचा बंध अशा पाण्यात हळूहळू तुटतो. मघाची तीच शिवण, आता नको तिथे उसवते. अमाइडचा बंध जास्त चिवट, पण अमर नाही. २८ दिवसांचा आकडा देऊन पेपर संपतो, घर मात्र पन्नास वर्षं उभं राहायचं असतं. निदान वर्षभराचे ठोकळे आजच ओतून ठेवा. पीएचडी काही २८ दिवसांत संपत नाही, तेव्हा वेळ आहे.

बरं, मग केशोरीच्या त्या पोत्याचं काय? बाटलीचं रसायनशास्त्र त्याला लागू नाही. पण सिमेंटचा आणि त्याचा संबंध दुसऱ्याच दाराने येतो, भट्टीच्या. गोंदियाच्या दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस असा सिमेंटचा पट्टा आहे. क्लिंकर भाजायला साहित्य १४५० अंशांपर्यंत न्यावं लागतं, ज्योत त्याहून कितीतरी गरम. अशा भट्टीत पन्न्या आणि बहुस्तरी पाकिटं कोळशासोबत जाळता येतात. पॉलिइथिलीनची उष्णता आपल्या कोळशाच्या दुपटीहून अधिक, पाकिटातलं अ‍ॅल्युमिनियम क्लिंकरमध्येच सामावून जातं, मागे राख उरत नाही. याला सहप्रक्रिया म्हणतात. कचऱ्याच्या प्रमाणाच्या दृष्टीने पाहिलं तर सिमेंटमध्ये प्लॅस्टिक ‘वापरण्याचा’ आज खरोखर चालणारा मार्ग हाच आहे, आणि बीएचईटीएच्या पेपरांत त्याचा साधा उल्लेखही क्वचितच असतो.

पण इथेही शब्द तपासा. २०२२ च्या उत्पादक जबाबदारीच्या मार्गदर्शक नियमांत भट्टीत जाळण्याला ‘पुनर्वापर’ म्हटलेलं नाही. त्याची गणना प्लॅस्टिकची अखेरची विल्हेवाट म्हणून होते, डांबरी रस्त्यात घालण्याचीही तशीच. कायदा जिथे फरक करतो तिथे प्रबंधाने तो पुसू नये. आणि भट्टीत प्लॅस्टिक जाळल्याने सिमेंटचं मुख्य प्रदूषण टळतं असंही नाही. १०० किलो चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, खाली काहीही जाळा. शिवाय पोत्यातले पाइपचे तुकडे पीव्हीसीचे असतात. त्यातलं क्लोरीन भट्टीच्या वरच्या भागात क्षारांचे थर जमवतं, वाट तुंबवतं. म्हणून कारखाना क्लोरीन मोजून घेतो, आणि न निवडलेलं पोतं दारातूनच परत जाऊ शकतं. २०१६ च्या नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. निवडणं, दाबून गठ्ठे करणं आणि चंद्रपूरपर्यंत ट्रक पाठवणं यांचा खर्च कोण उचलेल, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. पण तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तो नक्की होऊ शकतो.

गोंदियात बसून या विषयावर काम करणाऱ्याला एक प्रतिस्पर्धीही आहे, आणि तो घराशेजारी ढिगाने पडलाय: धानाचा कोंडा. गोंदिया म्हणजे राइस मिलचा जिल्हा. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग कोंडा, कोंडा जाळला की त्याचा पाचवा भाग राख, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. तापमान सातशे अंशांच्या आत सांभाळलं तर ही सिलिका स्फटिक बनत नाही आणि सिमेंटमधल्या चुन्याशी उत्तम बांधली जाते; बर्कलीच्या पी. के. मेहतांनी १९७० च्या दशकातच यावर पाया घालणारं काम केलं, आणि आयएस ४५६ मध्येही या राखेचा उल्लेख आहे. ही राख सिमेंटचा दहावा भाग सहज बदलू शकते. तुमचं रसायन अर्धा टक्का. तेव्हा ‘सिमेंट कमी लागेल’ हा तुमचा दावा असेल तर तुलना साध्या सिमेंटशी करून चालणार नाही, कोंड्याच्या राखेशी करावी लागेल. मला विचाराल तर त्या तुलनेत प्लॅस्टिक हरेल. मग प्लॅस्टिकच्या बाजूने दुसरं काही कारण द्यावं लागेल, आणि ते शोधण्यात खरी मजा आहे: राख घातली की मिश्रण जास्त पाणी मागतं, आणि बीएचईटीएसारखा रेणू तिथे ती तहान कमी करू शकतो का? माझ्या वाचनात याचं नीट उत्तर आलेलं नाही. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

पण सुरुवात पोत्यापासून करा. एका गावाचं, ठरावीक दिवसांचं प्लॅस्टिक गोळा करा, वजन करा, धुवा, वाळवा, पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे माती, तंबाखू आणि चुना, आणि तोही आकडा लिहून ठेवा, कारण धुण्याचं पाणी कुठे जाणार हे कुणीतरी विचारणार आहे. मग बादलीभर पाण्यात टाका. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतील. पेट बुडेल, घनता १.३८. पीव्हीसीही बुडेल, आणि नेमकी हीच जोडी डोळ्यांनी वेगळी करायला अवघड. त्यासाठी तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, बुडलेल्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, तुकडा पीव्हीसीचा समजा आणि बाजूला काढा. हे मात्र घरच्या गॅसवर नको; धूर विषारी असतो, प्रयोगशाळेत फ्यूम हूड चालू करूनच.